वेणीचा परवाना

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. वडिलांचे गावात केशकर्तनाचे दुकान आहे. वस्तरा कसा धरावा हे ते आजोबांकडून शिकले, शाळेत नव्हे. म्हणूनच की काय, अमेरिकेत डोक्यावर वेण्या घालायलाही सरकारी परवाना लागे, हे सरांनी तासाला सांगितले तेव्हा मी चमकलोच!

टाळूलगत बारीक बारीक वेण्या गुंफण्याची ही कला कृष्णवर्णीय स्त्रियांनी आफ्रिकेतून आणली व आईकडून मुलीकडे चालत ठेवली. तीत कात्री नाही, रंग नाही, रसायन नाही. तरीही अनेक राज्यांचे कायदे तिला सरसकट केशभूषेच्या धंद्यात धरीत. युटा राज्यात या परवान्यासाठी २००० तासांचे शिक्षण लागे, आणि त्याची फी हजारो डॉलर. सिएरा लिओनहून आलेल्या जेस्टिना क्लेटन बालपणापासून वेण्या घालीत. पण त्यांच्याकडे परवाना नव्हता.

हे मी घरी सांगितले तेव्हा वडिलांनी एकच विचारले, “मग त्या शाळेत वेण्या शिकवतात का?”

नेमका हाच मुद्दा न्यायालयात निघाला. त्या अभ्यासक्रमात आफ्रिकी वेण्यांना जवळजवळ स्थानच नव्हते. २०१२ साली संघीय न्यायालयाने क्लेटन यांच्यापुरता तो नियम घटनाबाह्य ठरविला.

टेक्ससमधील आयसिस ब्रँटली यांना तर १९९७ साली विनापरवाना वेण्या घातल्याबद्दल अटक झाली होती. पुढे त्यांना ही कला शिकवायची होती. त्यासाठी २००० चौरस फूट जागा, दहा खुर्च्या व पाच बेसिने हवीत, असे राज्याचे म्हणणे. वेणीला बेसिन कशाला? २०१५ साली ती अटही न्यायालयात टिकली नाही.

नियमच नकोत, असे मात्र मला म्हणावयाचे नाही. वेणी फार घट्ट ओढली तर केस गळतात; कंगवा अस्वच्छ असेल तर टाळूचे रोग पसरतात. वडीलसुद्धा दर गिऱ्हाइकाला नवे ब्लेड लावतात. मिसिसिपीने २००५ साली काढलेला मार्ग मला पटतो : २५ डॉलर भरून नोंदणी आणि स्वच्छतेच्या माहितीवर स्वतःच सोडवायची चाचणी. मिसुरीत मात्र वरिष्ठ न्यायालयाने जानेवारी २०१८ मध्ये जुनाच नियम उचलून धरला, १५०० तासांचा! त्याच वर्षी विधिमंडळाने कायदा बदलला व वेणीकामाला साधी वेगळी नोंदणी दिली.