जोडीचे पत्ते : पहिलीच्या वर्गातील एक उपयुक्त खेळ

जव्हार व मोखाडा या तालुक्यांतील पाड्यांवरून पहिलीत येणारे मूल वारली, कोकणा, कातकरी अशी आपल्या घरची बोली घेऊन येते. पाठ्यपुस्तकातील मराठी त्याला अर्धीमुर्धी परिचित असते. त्यामुळे उत्तर ठाऊक असूनही पुष्कळ मुले वर्गात मूक बसतात, आणि हे मौन म्हणजे मंदपणा होय, असा समज होण्याचा धोका असतो. मुलाची जीभ मोकळी करण्याचे एक अल्पखर्ची साधन म्हणजे जोडीच्या पत्त्यांचा खेळ होय.

स्थानिक वस्तूंतून शिक्षण ही कल्पना या भागास नवी नाही. कै. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे बालशिक्षणाचे कार्य आरंभिले व १९५७ पासून अनुताई वाघ यांच्या साहाय्याने ते कोसबाडच्या टेकडीवर चालविले. पाने, बिया, शंख-शिंपले हीच तेथील साधने होती. जोडीचे पत्ते याच विचारात बसतात.

साहित्य : जुन्या लग्नपत्रिकांचे किंवा खोक्यांचे पुठ्ठे घेऊन सारख्या मापाचे बारा तुकडे कापावेत. सर्वांच्या पाठीवर एकाच रंगाचा कागद खळीने चिकटवावा. पाठ निराळी दिसली की मूल स्मरणाने न खेळता खुणेने खेळू लागते. पुढील बाजूवर सहा परिचित वस्तूंची प्रत्येकी दोन चित्रे काढावीत. बैल, कोंबडी, नागलीचे कणीस, मोहाचे फूल, तारपा व इरले हे सहा विषय प्रारंभास पुरेसे आहेत. चित्रे वारली पद्धतीची साधी असली तरी चालतात. ती मोठ्या मुलांकडून काढवून घेतल्यास उत्तम. पावसाळ्यात येथील हवा फार दमट असते, म्हणून पत्ते घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत.

खेळण्याची रीत : पहिल्या दिवशी पत्ते उताणे मांडून केवळ जोड्या लावू द्याव्यात. त्यानंतर ते पालथे करून चार-चारांच्या तीन ओळी मांडाव्यात. तीन-चार मुलांनी सभोवार बसावे. ज्याची पाळी असेल त्याने दोन पत्ते उलटावेत व प्रत्येकाचे नाव मोठ्याने सांगावे. जोडी जमल्यास ती त्याची व त्यास आणखी एक पाळी. न जमल्यास सर्वांनी पाहून घेतल्यावर पत्ते त्याच जागी पुन्हा पालथे ठेवावेत. सर्व जोड्या संपल्यावर ज्याच्याजवळ अधिक त्याची सरशी.

काही डाव झाल्यावर चलाख मुलास एक युक्ती उमगते : अगोदर अपरिचित पत्ता उलटावा व त्याचा जोडीदार आठवत असल्यास मग तो उचलावा. ओळखीचा पत्ता आधी उलटला तर दुसऱ्यासाठी केवळ दैवावर विसंबावे लागते. ही युक्ती शिक्षकांनी सांगू नये. ती स्वतः शोधण्यातच विचारशक्तीची वाढ आहे.

भाषेचा लाभ नाव उच्चारण्याच्या नियमात आहे. मूल 'नागली' म्हणाले तर ते बरोबर समजावे, आणि पुस्तकात तिलाच 'नाचणी' म्हणतात हे शिक्षकांनी आपल्या पाळीच्या वेळी सहज उच्चारावे. चूक काढली की मूल पुन्हा मिटते. शब्द तोंडी बसल्यावर दुसऱ्या संचात एका पत्त्यावर चित्र व जोडीच्या पत्त्यावर शब्द लिहावा; अशा रीतीने खेळ वाचनापर्यंत पोहोचतो.

गणितासाठी १ ते ९ अंकांचे प्रत्येकी दोन, असे अठरा पत्ते करावेत. दोहोंची बेरीज दहा झाली की जोडी. ३ व ७, ४ व ६, ५ व ५ अशा नेमक्या नऊ जोड्या होतात व एकही पत्ता उरत नाही.

'पत्ते' या शब्दाने पालक बिचकण्याचा संभव आहे, कारण पत्ते म्हणजे जुगार अशी समजूत रूढ आहे. यास्तव पालकसभेत आयांनाच एक डाव खेळावयास बसवावे. घराघरांतून खेळल्या जाणाऱ्या गुलामचोरातही जोड्याच लावावयाच्या असतात, हे त्यांच्या ध्यानात आणून द्यावे. पैसा, बक्षीस वा पैज मात्र कटाक्षाने टाळावी.

द्विशिक्षकी शाळेत एक गट खेळत असता दुसऱ्याचा पाठ घेता येतो. तथापि पहिले काही डाव शिक्षकांनी मुलांसह जमिनीवर बसून खेळणे अगत्याचे आहे. लहान मुले या खेळात मोठ्यांना पुष्कळदा हरवितात. गुरुजींना हरविलेले मूल दुसऱ्या दिवशी आपण होऊन बोलू लागते.

दिवाळीनंतर वीटभट्ट्यांच्या व अन्य कामासाठी अनेक कुटुंबे स्थलांतर करतात. जे मूल आईबापांसोबत जाणारच असेल, त्याच्या हाती बारा पत्त्यांचा एक संच द्यावा. जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाने तिसरीअखेर प्रत्येक मुलास समजपूर्वक वाचन व मूलभूत अंकगणित यावे, हे ध्येय ठेविले आहे. शाळेपासून चार-पाच महिने दूर राहणाऱ्या मुलाचा अक्षरांशी संबंध तुटू न देणे, ही त्यातील सर्वांत अवघड बाजू होय. परत आल्यावर त्याच पत्त्यांनी डाव मांडावा. कोणते शब्द टिकले व कोणते विसरले, हे परीक्षा न घेता कळते आणि पुढील पाठ कोठून आरंभावा हेही निश्चित होते.