सॅन साल्व्हादोर कौन्सिल
अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील कनेक्टिकट राज्यात न्यू हेवन येथे १८८२ मध्ये स्थापन झालेली कॅथलिक पुरुषांची बंधुसंस्था. ‘नाइट्स ऑफ कोलंबस’ या संघटनेची ही पहिली शाखा होय. कोलंबसाला १४९२ मध्ये प्रथम लागलेल्या बेटावरून तिला हे नाव मिळाले.

न्यू हेवनमधील कॅथलिक समाजात आयरिश स्थलांतरित व त्यांचे वंशज यांचा भरणा मोठा होता. कर्ता पुरुष अकाली वारला, की त्याचे कुटुंब उघड्यावर पडे. मुलांच्या पालकत्वाचा निर्णय न्यायालयाकडे जाई. शहरातील प्रॉटेस्टंट उच्चभ्रूंनाही हा समाज नकोसा होता. हिलहाउस ॲव्हेन्यूवरील सेंट मेरी चर्चमुळे त्या प्रतिष्ठित रस्त्याची शोभा गेली, अशा आशयाचा मजकूर १८७९ मध्ये न्यूयॉर्क टाइम्ससारख्या वृत्तपत्राने छापला होता. मृत्युसमयी मदत देणाऱ्या बंधुसंस्था त्या काळी पुष्कळ होत्या. परंतु त्यांपैकी अनेकींत गुप्त शपथा असत, आणि फ्रीमेसन पंथावर तर पोपने १७३८ मध्येच बंदी घातली होती. म्हणजे कुटुंबाची तरतूद करावी तर धर्माज्ञा मोडते व धर्माज्ञा पाळावी तर मुले निराधार होतात, असा हा पेच होता.

याच चर्चचा साहाय्यक धर्मगुरू मायकेल जे. मॅगिव्हनी (१८५२–९०) याला त्याची जाणीव अनुभवाने झाली होती. १८७३ मध्ये वडील वारल्याने त्याला स्वतःचे शिक्षण मध्येच थांबवावे लागले होते. २ ऑक्टोबर १८८१ रोजी त्याने चर्चच्या तळघरात काही गृहस्थांची बैठक घेतली. मॅसॅचूसेट्समधील एका कॅथलिक संस्थेची शाखा काढण्याचा विचार होता. पण तिच्या सनदेनुसार राज्याबाहेर शाखा काढता येत नसल्याने स्वतंत्र संस्था काढणे भाग पडले. मॅगिव्हनीने ‘सन्स ऑफ कोलंबस’ हे नाव सुचविले होते. त्यातील ‘सन्स’च्या जागी ‘नाइट्स’ हा शब्द यादवी युद्धात लढलेल्या जेम्स टी. मलेन याने आणला व तोच पहिला प्रमुख झाला. अमेरिकेचा शोध लावणारा दर्यावर्दी कॅथलिक होता, हे त्या नावाने शेजाऱ्यांना सुनावले गेले. २९ मार्च १८८२ रोजी राज्याची सनद मिळाली.

विम्याची योजना साधी होती. सभासद वारल्यास प्रत्येकाने एक डॉलर द्यावा व विधवेला हजार डॉलर मिळावेत. सभासदसंख्या हजाराहून वाढल्यास वर्गणी त्या प्रमाणात उतरावी. आजारी सभासदाला तेरा आठवडे दर आठवड्यास पाच डॉलरपर्यंत मदत मिळे. त्यापुढील रक्कम शाखा ठरवी. १८८४ मध्ये पाच शाखा मिळून ४५९ सभासद होते. तेवढ्यांच्या एकेका डॉलरमधून हजार डॉलर उभे राहणे अर्थातच शक्य नव्हते. तरुण व वृद्ध यांना सारखीच वर्गणी, हा तर योजनेतील खरा दोष. तरुणाला आयुष्यभरात अधिक पैसे भरावे लागत. विसाव्या शतकाच्या आरंभी वयानुसार हप्ते ठरवून तो दूर करण्यात आला.

मॅगिव्हनी अवघ्या अडतिसाव्या वर्षी वारला. १९८२ मध्ये त्याचे अवशेष सेंट मेरी चर्चमध्ये आणण्यात आले व ३१ ऑक्टोबर २०२० रोजी त्याला ‘धन्य’ घोषित करण्यात आले. संघटनेचे मुख्यालय न्यू हेवन येथेच असून तिची सभासदसंख्या सु. वीस लाख आहे.