सोपविलेल्या मुलाचे दायित्व

९ जानेवारी १९४५ रोजी इंग्लंडच्या श्रॉपशायर परगण्यात, मिन्स्टर्ली गावानजीकच्या एका शेतघरात, डेनिस ओ'नील हा बारा वर्षांचा मुलगा मारहाण आणि उपासमार यांमुळे मरण पावला. वेल्समधील न्यूपोर्ट नगरपालिकेने न्यायालयाच्या आदेशान्वये त्याला आपल्या ताब्यात घेतले होते, आणि रीतसर दप्तरी नोंद करून रेजिनाल्ड गॉफ या शेतकऱ्याच्या घरी प्रतिपालनार्थ ठेवले होते. गॉफला सदोष मनुष्यवधाबद्दल सहा वर्षांची आणि त्याच्या पत्नीला हेळसांडीबद्दल सहा महिन्यांची कैद झाली. परंतु ज्या संस्थेने मूल त्यांच्या हवाली केले, तिचे काय, हा प्रश्न फौजदारी निकालाने सुटणारा नव्हता.

सर वॉल्टर मॉन्क्टन यांच्या चौकशीत दिसून आले ते असे की, मूल एका नगरपालिकेचे आणि घर दुसऱ्या परगण्याच्या हद्दीत, यामुळे देखरेखीचा भार दोहोंमध्ये विभागला गेला आणि प्रत्यक्षात तो कोणीच नीट वाहिला नाही. डिसेंबरात भेटीस गेलेल्या न्यूपोर्टच्या कर्मचारी स्त्रीने डेनिसला तेथून हलवावे असा अभिप्राय दिला होता, तथापि त्यावर अंमल होण्यापूर्वीच डेनिस गेला. याच काळात मुलांच्या देखभालीबाबत नेमलेल्या मायरा कर्टिस समितीचा अहवाल १९४६ मध्ये आला, आणि १९४८ च्या बालक अधिनियमाने प्रत्येक स्थानिक प्राधिकरणात स्वतंत्र बालक समिती व बालक अधिकारी नेमणे बंधनकारक केले.

देखरेखीची व्यवस्था अशी उभी राहिली, तरी नुकसानभरपाईचे दायित्व अनिश्चितच राहिले. १९८० च्या दशकात नॉटिंगहॅमशायरमध्ये प्रतिपालक कुटुंबांत छळ सोसलेल्या एका मुलीने प्रौढपणी लावलेल्या दाव्यात ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली निर्णय दिला की, तेथील परगणा परिषदेकडून निष्काळजीपणा घडलेला नसला तरी प्रतिपालकांच्या अपकृत्याची भरपाई करण्यास ती बांधील आहे. कारण प्रतिपालक हे परिषदेचेच कार्य पार पाडतात, त्यांची निवड व प्रशिक्षण ती करते, आणि मुलाला त्या घरात ठेवून जोखीम तीच निर्माण करते. न्यायमूर्ती ह्यूज यांनी मात्र असहमती नोंदविली. मुलाला त्याच्या स्वतःच्या आईवडिलांकडे परत ठेवले असता हे दायित्व उद्भवत नाही, हेही बहुमताने स्पष्ट केले.

आपल्या २०१५ च्या बालन्याय अधिनियमातही प्रतिपालकत्वाची तरतूद आहे. बालकल्याण समितीने अशा कुटुंबांची दरमहा तपासणी करावी असे कलम ४४ सांगते, आणि ताब्यातील बालकाशी क्रौर्य करणाऱ्यास कलम ७५ अन्वये शिक्षा आहे. पण शिक्षा आणि भरपाई दोन्ही आघातानंतरच येतात, आणि नॉटिंगहॅमशायरच्या मुलीला तर न्यायासाठी अर्धे आयुष्य थांबावे लागले. म्हणून तपासणीस गेलेल्या अधिकाऱ्याने मुलाशी घरच्यांपासून दूर, एकांतात बोललेच पाहिजे, आणि भेट चुकविणाऱ्याला अथवा प्रतिकूल अभिप्राय दाबून ठेवणाऱ्याला नावानिशी जाब विचारला गेला पाहिजे. ज्या शासनाने स्वतःच्या सहीने मूल परक्या घरी धाडले, त्याच्याकडून एवढी अपेक्षा हा त्या मुलाचा हक्कच आहे.