लहान छिद्राच्या रायफलीची साफसफाई व तिचीं साधनें

आमच्या वाचकवर्गांत बारा बोअरची बंदूक बाळगणारे पुष्कळ, ०.२२ इंची रायफल बाळगणारे थोडे. तथापि साफसफाईविषयीं शंका या थोड्यांकडूनच अधिक येतात, व त्याचें कारण उघड आहे. बंदुकीची नळी आंतून गुळगुळीत असते. ती काठीस फडकें गुंडाळून पुसली तरी निभावतें. रायफलीच्या नळीस आंतून पीळ असतो व हिचें छिद्र तर अवघें साडेपांच मिलिमीटरांचें, म्हणजे जाड बोरूसुद्धां आंत जावयाचा नाहीं. गोळीचा नेम या पिळाच्या कडांवर व त्याहूनही अधिक नळीच्या पुढील तोंडाच्या कडेवर अवलंबून असतो. ०.२२ ची गोळी मऊ शिशाची व दारू थोडी, त्यामुळें गोळ्या झाडून ही नळी फार सावकाश झिजते. तिचा नाश होतो तो बहुधा दोन कारणांनीं: एक गंज, व दुसरें चुकीच्या गजानें केलेली सफाई.

नळी बिघडली तर दुसरी आणूं, असें कोणी म्हणूं नये. १९५९ च्या शस्त्र अधिनियमांत शस्त्राचे भागही शस्त्रांतच मोडतात. नांगराचा फाळ बदलावा तशी रायफलीची नळी बाजारांतून बदलून आणतां येत नाहीं. परवान्याचे कागद आम्हीं नोकरींत पुष्कळ हाताळले; त्या वाटेनें विनाकारण जाण्याची पाळी वाचकांवर न येवो.

प्रथम गजाविषयीं. बाजारांत पेटी मिळते, तींत तीन तुकडे जोडून करावयाचा ॲल्युमिनियमचा गज असतो. पेटी सुबक व स्वस्त असते, पण आमचे मतें तो गज घेऊं नये. तुकड्यांच्या सांध्याशीं कडा राहते, गज जोर दिल्यावर वांकतो, व ती कडा पिळावर घांसते. शिवाय मऊ धातूंत वाळूचे बारीक कण रुततात आणि गज कानशीसारखें काम करूं लागतो. अखंड पोलादी गज, वर प्लास्टिकचा लेप असलेला, हा सर्वांत चांगला. कार्बन तंतूंचाही उत्तम. मूठ छऱ्यांवर फिरणारी असावी, म्हणजे चिंधी पिळाप्रमाणें आपोआप वळते. लांबी नळी व तिच्यामागील बोल्टची जागा यांहून वीतभर अधिक पाहिजे. गज ०.२२ साठींच बनविलेला घ्यावा, ४.५ मिलिमीटरच्या हवाई बंदुकीचा गज आंत जातो खरा, पण तो बारीक असल्यानें लचकतो. टोंकाचीं साधनें गजाबरोबरच घ्यावीं, कारण निरनिराळ्या देशांचे आटे एकमेकांस बसत नाहींत. आणि गज प्रत्येक फेरीनंतर पुसावा.

गज नेहमीं मागील बाजूनें, म्हणजे बोल्ट काढून, घालावा. त्याकरितां मागें बसवावयाची एक पोकळ नळी मिळते. तिच्यामुळें गज सरळ राहतो व काडतुसाच्या घरास इजा होत नाहीं. ज्या स्वयंचलित रायफलींत मागून गज जात नाहीं, तेथें पुढच्या तोंडावर पितळी अगर प्लास्टिकची शंक्वाकार टोपी बसवून तिच्यामधून तो न्यावा. ही टोपी किरकोळ किंमतीची असते, पण ती नसेल तर गज तोंडाच्या कडेवर दर खेपेस घांसतो.

एन. सी. सी. मध्यें गेलेल्या मुलांस पुलथ्रूची दोरी माहीत असते. शेतावर भिजलेली नळी तत्काळ कोरडी करण्यास ती चांगली. मात्र दोरी तिरपी ओढली तर तीही तोंडाची कड कापते, आणि जाड चिंधी लावल्यास तुटून नळींतच अडकते.

ब्रश फॉस्फर ब्राँझचा किंवा नायलॉनचा घ्यावा. पोलादी तारांचा कधींही नको. तो नळीच्या मध्यावर उलटा फिरवूं नये, पार बाहेर काढून मगच परत ओढावा. चिंध्यांसाठीं जुनें, स्वच्छ धुतलेलें सुती धोतर पुरे. सुमारें इंचभर चौरस तुकडे कापावे. टेरिकॉट तेल शोषीत नाहीं, तें टाळावें.

तेलाच्या बाबतींत आपल्या घरांत फार गैरसमज आहेत. खोबरेल थंडींत थिजतें. करडई व जवसाचें तेल वाळून चिकट होतें. जवसाचें तेल दस्त्याच्या लांकडास लावावें, तेथें तें उपयोगीं आहे. नळीस पातळ खनिज तेलच पाहिजे. रॉकेलनें मळ सुटतो, पण गंजापासून रक्षण होत नाहीं. तांबें काढणारीं अमोनियायुक्त औषधें दुकानदार आग्रहानें देतो. आपल्या शिशाच्या गोळीस त्यांची गरज नाहीं.

किती वेळां साफ करावें? जुन्या शिपायांचा नियम दर वापरानंतर लगेच, असा होता. त्या काळच्या काडतुसांच्या स्फोटक लेपांत क्लोरेट असे. तें जळून मिठासारखा क्षार मागें राही व हवेंतील पाणी ओढून नळी गंजवी. १९२० नंतरच्या दशकांत गंज न आणणारे लेप निघाले व आजचीं ०.२२ चीं काडतुसें तशींच असतात. त्यांच्या गोळीवरील मेणाचा थर नळीस थोडेंबहुत राखतोही. म्हणून उन्हाळ्यांत दर वेळीं घांसण्याचें कारण नाहीं. एखादी कोरडी चिंधी व मग तेलाची चिंधी पुरे. ब्रशाचें काम नेम बिघडूं लागल्यावर, तेंही मुख्यतः काडतुसाच्या घराच्या पुढें, जेथें शिसें व काजळी सांचते. पावसाळ्यांत मात्र, विशेषतः कोंकणांत, न वापरलेलें शस्त्रही पंधरवड्यानें काढून पुसावें. चामड्याच्या किंवा कॅनव्हासच्या खोळींत तें ठेवूं नये. खोळ ओल धरते.

निवडणुकीच्या काळांत ज्यांस शस्त्र जमा करण्याचा हुकूम होतो, त्यांनीं जमा करण्यापूर्वीं नळीस आंतून व लोखंडास बाहेरून तेल लावूनच द्यावें. एका ठाण्यांत भिंतीस टेकून राहिलेल्या रायफलींवर तांबूस डाग पडलेले आम्हीं स्वतः पाहिले आहेत. परत मिळतांच मॅगझिन काढून, बोल्ट उघडून, घर रिकामें आहे हें बोटानें चांचपून पाहावें व मगच गज घालावा. झाडण्यापूर्वीं कोरड्या चिंधीनें तेल पुसून घ्यावें. तेल राहिल्यास पहिल्या दोनचार गोळ्या भलतीकडे जातात, त्यांवरून दुर्बिणीचे स्क्रू फिरवीत बसूं नये.