डागांचा दवाखाना: तिरुविडैमरुदूरमधला एक गुरुवार

सकाळी सहा

दवाखान्याच्या कोपऱ्यावर लावणीला निघालेल्या बायका टेम्पोची वाट पाहत उभ्या असतात. मेट्टूर धरणाचं पाणी १२ जूनला सोडायचा रिवाज आहे. ते कालव्यांत पोचलं की कुरुवै भाताची घाई सुरू होते, आणि मग या बायकांना दिवसा दवाखाना परवडत नाही. एक दिवसाची मजुरी बुडते. म्हणून या दिवसांत मीच खाली उतरते.

त्यांच्या अंगात साडीवर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्याला पंचा. हा वेश कुठल्याही महागड्या ट्यूबपेक्षा भरवशाचा आहे. फक्त पंचा आणखी पुढे ओढून बांधायला सांगते, म्हणजे गालफडांवर सावली पडेल. वांग बसतं ते तिथेच. इथे त्याला मंगू म्हणतात.

"डॉक्टरम्मा, मंगू पोगुमा?" एकीने विचारलं. जाईल का?

फिकं होईल, सावकाश. ऊन लागलं की परत डोकं वर काढील, तेव्हा औषध परत सुरू करायचं. असंच सांगते, खोटी मुदत देत नाही. ती पोटुशी आहे, म्हणून ट्रेटिनॉइन आणि हायड्रोक्विनोन दोन्ही बाद. रात्री अझेलाइक ॲसिडचं एकच मलम लिहून दिलं. टेम्पो आला.

सकाळी नऊ

पहिली रुग्ण कुंभकोणमची, तंजावरी मराठी घरातली. घरात अजून मराठी बोलतात, आणि एकादशीला गोविंदपुरमच्या विठ्ठलाला जातात. या भागातली मराठी माझ्या येण्याच्या कितीतरी आधीची. १७९८ मध्ये इंग्रजांनी मराठा राजे अमरसिंहांना उतरवून सरफोजींना तंजावरच्या गादीवर बसवलं, त्यानंतर अमरसिंह राहायला आले ते याच गावी, मध्यार्जुनाला. त्यांच्या मुलाशी, प्रतापसिंहाशी, लग्न व्हावं म्हणून लक्षदीपांचा नवस बोललेल्या अम्मणीची दीप हाती घेतलेली पितळी मूर्ती महालिंगस्वामींच्या देवळात आहे.

या कुंभकोणमच्या अक्कांच्या कपाळावर रुपयाएवढा पाटीच्या रंगाचा डाग. खाज नाही, आग नाही. डागाच्या मधोमध कुंकू. कुंकवातल्या कृत्रिम रंगाची ॲलर्जी पुष्कळदा अशीच येते, न खाजवता, नुसता काळेपणा मागे ठेवत. आपल्याकडे हे इतक्यांना होतं, तरी बहुतेक जणी त्यावर आधी लिंबू चोळतात आणि डाग आणखी गडद करून येतात. पाठीवर पॅच टेस्टच्या पट्ट्या लावल्या. त्यांच्या घरच्या डबीतल्या कुंकवाचीही एक.

"मग कपाळ मोकळं ठेवू?" त्यांचा आवाज खाली गेला. इथल्या बायका तालीलाही, म्हणजे मंगळसूत्रालाही, कुंकू लावतात. म्हटलं, अक्का, सध्या तालीला लावा, कपाळाला विश्रांती द्या. त्यांना ते पटलं. औषधाच्या नावापेक्षा या एका वाक्यावर मी जास्त वेळ घालवते, कारण ते पटलं नाही तर पुढचं सगळं मलम वाया जातं.

सकाळी दहा

साडीच्या दुकानात उभी राहणारी मुलगी. चेहरा लाल, पातळ, गालांवर बारीक लव, हनुवटीवर पुटकुळ्या. तिने पर्समधून ट्यूब काढली तेव्हा मला बघायचीही गरज नव्हती. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन, मोमेटासोन: तीन औषधांचं मिश्रण, मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय घेतलेलं, दोन वर्षं रोज लावलेलं.

हे मिश्रण मुळात वाईट नाही. १९७५ साली क्लिगमन यांनी असंच एक सूत्र मांडलं आणि त्याने वांगाच्या उपचाराला दिशा दिली. डॉक्टरच्या नजरेखाली काही आठवडे वापरलं तर आजही त्याच्या तोडीचं फार थोडं आहे. पण त्यातल्या स्टेरॉइडमुळे पहिल्या महिन्यात चेहरा उजळतो, गुळगुळीत होतो, आणि बंद केलं की आग, लाली, पुरळ. ती आग शमवायला पुन्हा तीच ट्यूब. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने यासाठी वर्षानुवर्षं आवाज उठवला. २०१८ मध्ये सरकारने त्वचेवर लावायची स्टेरॉइड्स चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. तरी ट्यूब मिळते. मावशी सांगते, मैत्रीण सांगते, दुकानदार हातात ठेवतो. मला याचा संताप येतो, आणि तो मुलीवर निघू नये म्हणून मी आधी तिला पाणी देते.

आज डागाला हात लावायचा नाही. स्टेरॉइड टप्प्याटप्प्याने कमी करत बंद, साधं मॉइश्चरायझर, झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन, बस्स. काही महिने एवढंच. पहिले आठवडे चेहरा आधीपेक्षा वाईट दिसेल हे तिला दोनदा सांगितलं, तिच्या आईला फोनवर तिसऱ्यांदा. हायड्रोक्विनोन असंच चालू राहिलं असतं तर निळसर काळा ओक्रोनोसिस झाला असता, आणि तो घालवायला माझ्याकडे धड काही नाही.

साडेअकरा

आजचा एकच केमिकल पील. तिरुभुवनमची रेशमाच्या मागावर बसणारी बाई, मुरमांचे जुने डाग. चार आठवडे घरी रात्रीचं ट्रेटिनॉइन लावून त्वचा तयार केली होती, गेला आठवडा ते बंद.

स्पिरिटने तेल पुसलं. नाकपुड्यांच्या कडा, ओठ, डोळ्यांचे कोपरे यांवर व्हॅसलीन. मग २० टक्के सॅलिसिलिक ॲसिड, कपाळापासून. गोऱ्या त्वचेत लाली दिसली की हात थांबतो. सावळ्या कातडीत लाली लपते, फारतर किंचित जांभळी छटा येते. म्हणून मी तिला एक ते दहा आकडा विचारत राहते, किती झोंबतंय? तीन. पाच. तिची सून पंखा धरून उभी. मिनिटभरात पिठासारखी पांढरी भुकटी गालांवर जमली. ती औषधाचीच, बोटाने पुसता येते. खाली घट्ट पांढरा ठिपका दिसला असता तर ॲसिड खोल गेलं असं समजून लगेच थांबावं लागलं असतं. सहा म्हणाली, मी धुतलं.

मेलॅनिन तयार करणाऱ्या पेशी साऱ्या माणसांत संख्येने जवळपास सारख्याच असतात. आपल्यात त्यांचे रंगकण मोठे, सुटे आणि भरपूर. ते उन्हापासून राखतात, पण जरा कुठे भाजलं, घासलं, सुजलं की त्याच पेशी जादा रंग ओततात. म्हणजे डाग घालवायला केलेली घाईच नवा डाग देते. माझ्या कामाचं सगळं गणित एवढ्यात आहे: जखम न करता बदल करायचा. म्हणून पील सौम्य, तीन-चार आठवड्यांनी, आणि मधल्या दिवसांत घरी तिने काय लावलं यावर अर्ध्याहून जास्त यश.

दुपारी एक

ताकभात. खिडकीचा पडदा ओढून.

दुपारी अडीच

पावडर, सनस्क्रीन, टॉवेल यांची शिकवणी. दोन बोटांच्या लांबीइतकं क्रीम चेहऱ्याला आणि मानेला, मटाराएवढं नव्हे. रंगीत घ्या, आयर्न ऑक्साइडचं, कारण गडद त्वचेत नुसता दिसणारा प्रकाशही रंग वाढवतो आणि साधं पारदर्शक सनस्क्रीन तो फारसा अडवत नाही. ज्यांना ट्यूब परवडत नाही त्यांना छत्री. इथे भर दुपारी छत्री उघडायला कोणी लाजत नाही, ही या गावाची मोठी देणगी.

दुपारी चार

शाळा सुटल्यावर एक आई मुलाला घेऊन आली. मान मखमलीसारखी काळी. दर रविवारी तेल लावून आंघोळ आणि दोडक्याच्या वाळक्या जाळीने घासणं. मळ नाही हो अम्मा, घासू नका. कंबर मोजली, घरात कोणाला साखर आहे ते विचारलं. आजी, मामा. रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या. मान सुधारेल ती वजन आणि साखर सुधारली तर. मुलाला एवढंच सांगितलं की तू अस्वच्छ नाहीस. तो पहिल्यांदा वर बघून हसला.

संध्याकाळी साडेपाच

आवणी महिन्यात लग्न ठरलेली मुलगी आणि तिची आई. आईला "कलर" हवा. बरोबर एक डबी, लेबल नाही, कोणी गल्फहून आणून दिलेली. मी ती टेबलावरून बाजूला ठेवली. केरळच्या मलप्पुरममध्ये अशा उजळवणाऱ्या क्रीममधल्या पाऱ्यामुळे तरुणांची मूत्रपिंडं बिघडल्याचं २०२३ मध्ये समोर आलं. हे सांगितल्यावर आईचा चेहरा उतरला.

मुलीला मुरमं आहेत, ती फोडते, त्याचे डाग. ती मुरमं आवरली तर लग्नापर्यंत डाग पुष्कळ फिके होतील. रंग आहे तोच राहील, आणि तो सुंदर आहे. हे मी उपचाराचा भाग म्हणून म्हणते, मनापासून. मुलगी गप्प होती. जाताना तिने डबी इथेच ठेवून घ्या म्हणून सांगितलं.

रात्री आठ

फोटो लावायचे. एकाच खिडकीशी, एकाच अंतरावर, फोनचं सुंदर करणारं फिल्टर बंद करून काढलेले. रोज आरशात बघणाऱ्याला सुधारणा दिसत नाही, तीन महिन्यांपूर्वीचा फोटो शेजारी ठेवला की दिसते. सरफोजी राजांनी तंजावरात डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी चित्रांसकट ठेवल्या होत्या. हे काम कंटाळवाणं वाटलं की मला त्या आठवतात.

अक्कांचा संदेश: पाठीला पट्ट्यांखाली खाज येतेय, काढू का? नको. खाज चालेल, आग झाली, फोड आला तर फोन करा. पाठ भिजवू नका, घाम येईल असं काही नको, जूनमध्ये हे सोपं नाही हे मला ठाऊक आहे. शनिवारी सकाळी पट्ट्या निघतील, सोमवारी पुन्हा बघायचं. त्यांची कुंकवाची डबी मी ठेवून घेतली आहे.