बोर्डिंगात ‘टाकण्या’आधी…

“थांब, यंदा तुला बोर्डिंगातच टाकते!”

मैत्रिणींनो, अगदी खरं सांगा, हे वाक्य तुमच्या तोंडून किती वेळा गेलं आहे? माझ्या तोंडून तर पाढ्यासारखं निघायचं. आमचा मोठा तेव्हा आठवीत होता. मिसरूड फुटायला लागलेली, मित्रांमधली ‘काय बे’ची भाषा घरात, वडिलांपुढेही सुटायला लागलेली. ह्यांचं नव्या पेठेत दुकान. रात्री नवाच्या आत घरी येणं नाही. सोलापूरचा उन्हाळा, शाळेला सुट्टी, आणि मुलगा दिवसभर सायकलवर कुठे भटकतो ह्याचा पत्ता नाही. त्यातच एका लग्नात कुणाचा तरी मुलगा कडक इस्त्रीचा गणवेश घालून आला. मोठ्यांच्या पाया पडला, जेवल्यावर स्वतःचं ताट स्वतः उचललं. झालं! त्याच रात्री आमचं ठरलं.

सात महिन्यांनी आमचा मुलगा ट्रंक घेऊन परत आला.

ह्या गोष्टीला आता सात वर्षं झाली. त्यात शाळेची चूक किती आणि आमची किती, ह्याचा हिशोब मी अजून मनाशी मांडते. आज धाकटा आठवीत आहे आणि घरात पुन्हा तोच विषय निघाला आहे. पहिल्या खेपेला ठेच लागली, निदान मागच्यांना शहाणपण यावं, म्हणून हे लिहायला बसले.

टाकणं आणि पाठवणं

आपली भाषा किती बोलकी आहे पाहा. मुलगा शिकायला पुण्याला गेला, तर आपण म्हणतो, “त्याला पुण्याला पाठवलं.” पण बोर्डिंगात मात्र ‘टाकलं’! जणू अडगळ माळ्यावर टाकावी तसं. वर्षभर आपण ज्याची धमकी दिली, तीच गोष्ट जूनमध्ये “तुझ्या भल्यासाठी” म्हणून त्याच्यापुढे ठेवली, तर त्याने ती बक्षीस समजावी की शिक्षा?

आमच्या मुलाने ती शिक्षाच समजली. त्याला आम्ही विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. शाळा पाहायला गेलो, तेव्हा घोडे पाहिले, पोहण्याचा तलाव पाहिला, चकचकीत प्रयोगशाळा पाहिली. मुलं झोपतात ती खोली मात्र पाहिली नाही. दर रविवारी दहा मिनिटं फोन यायचा. मागे रांग, शेजारी कुणी मोठं माणूस उभं. “कसा आहेस?” “बरा आहे.” आम्ही म्हणायचो, रुळला! दिवाळीत आला तो गप्प गप्प. जायच्या दिवशी अंगात ताप भरला. मी गोळी दिली आणि गाडीत बसवून दिलं. ते आठवलं की अजून पोटात कालवतं.

संक्रांतीला तिळगूळ घेऊन भेटायला गेलो, तेव्हा मुलगा निम्मा झाला होता. वरच्या वर्गातली मुलं रात्री त्याच्याकडून बूट पॉलिश करून घेत आणि नाही म्हटलं की मारत. सांगणार कुणाला? तिथे त्याचं असं कुणीच नव्हतं. त्याच दिवशी त्याला घरी आणलं.

आता दुसरी बाजू. माझ्या नणंदेचा मुलगा त्याच्याच वयाचा. तोही त्याच वर्षी दुसऱ्या एका वसतिगृहात गेला आणि तिथे असा रमला की सुट्टीतही मित्रांच्या गोष्टी संपेनात. म्हणजे बोर्डिंग वाईट असं नाही. त्याला जायचं होतं आणि आमच्याला नव्हतं, पहिला फरक हा.

आधी मुलगा पाहा, मग शाळा

आपण लग्नासाठी पत्रिका पाहतो, गुण जुळवतो. मुलगा आणि शाळा ह्यांचं मात्र काहीच जुळवून पाहत नाही.

ज्याला मैदान आवडतं, चार मुलांत चटकन मिसळता येतं, वेळापत्रकाचा जाच वाटत नाही, अशा मुलाला वसतिगृह मानवतं. घरी आजारपण, सततच्या बदल्या, किंवा अभ्यासाला कोपराही नाही अशी अडचण असेल, तर वसतिगृह त्याला मोठा आधारही होतं. उलट नुकतंच घरातलं कुणी गेलं आहे, आई-वडिलांत धुसफूस चालू आहे, मुलाला दमा आहे किंवा तो मनातलं बोलतच नाही, अशा वेळी घाई करू नका. “वाईट संगत लागली, तिकडे सुधारेल,” हे तर सर्वांत कच्चं कारण. शाळा म्हणजे धोबीघाट नव्हे, की मळका मुलगा दिला आणि स्वच्छ करून परत घेतला!

तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला स्वतःचं मत असतं. त्याला शाळा दाखवा, एक रात्र विचार करू द्या. आणि तो नाही म्हणाला, तर ते ऐकायची तयारी ठेवा. नाहीतर विचारण्याला काय अर्थ?

कुठलं दार कधी उघडतं?

पुष्कळ आयांना वाटतं की पैसे भरले की कुठेही, केव्हाही प्रवेश मिळतो. तसं नाही. चांगल्या आणि परवडणाऱ्या शाळांची दारं ठरावीक वर्गालाच उघडतात.

साताऱ्याचं सैनिक स्कूल देशातलं पहिलं. ते 1961 मध्ये सुरू झालं. तिथे प्रवेश सहावीला आणि नववीला. त्यासाठी सैनिक शाळांची अखिल भारतीय लेखी परीक्षा द्यावी लागते आणि पुढे वैद्यकीय तपासणी असते. नववीसाठी त्या वर्षीच्या 31 मार्चला मुलाचं वय 13 ते 15 ह्या दरम्यान हवं. म्हणजे आठवीत असतानाच परीक्षा! निकाल लागल्यावर जागे होऊन उपयोग नाही. 2021 पासून सैनिक शाळांत मुलींनाही प्रवेश आहे, तेव्हा धाकट्या लेकीचाही विचार करा. शिकवणं इंग्रजीतून, अभ्यासक्रम केंद्रीय बोर्डाचा. आठवीपर्यंत मराठीतून शिकलेल्या मुलाला पहिले सहा महिने जड जातात, हे धरून चाला. आणि एक लक्षात ठेवा. नावात ‘सैनिकी’ असलेली प्रत्येक शाळा म्हणजे सैनिक स्कूल नव्हे. जिल्ह्याजिल्ह्यांत अनुदानित सैनिकी शाळा आहेत, खाजगीही आहेत. त्यांची फी आणि नियम वेगळे. पुण्याची श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूल 1932 ची आणि नाशिकची भोंसला मिलिटरी स्कूल 1937 ची, ह्या जुन्या संस्था आहेत.

जवाहर नवोदय विद्यालयं 1986 च्या शैक्षणिक धोरणातून देशभर पसरली. आपल्या जिल्ह्याचं नवोदय मोहोळ तालुक्यात पोखरापूरला आहे. राहणं, जेवण, गणवेश, पुस्तकं सगळं सरकारकडून. मुख्य प्रवेश सहावीला आणि ती परीक्षा एकदाच देता येते. नववीला फक्त रिकाम्या राहिलेल्या जागा भरतात. निदान तीनचतुर्थांश जागा ग्रामीण मुलांसाठी असल्यामुळे आपल्यासारख्या शहरातल्यांच्या वाट्याला कमी येतात. पण तुमच्या गावाकडच्या दिराला, भावाला ही माहिती जरूर द्या.

पाचगणीच्या निवासी शाळा सगळ्यांना ठाऊक आहेत. सेंट पीटर्स 1904 ची, संजीवन विद्यालय 1922 चं. हवा थंड, परंपरा मोठी, पण अशा खाजगी शाळांची वर्षाची फी लाखांत जाते. धाकट्या भावंडांच्या शिक्षणाला कात्री लावून मोठ्याला तिथे धाडणं शहाणपणाचं नव्हे. फी विचारताना अनामत, कपडे, सहली, सुट्टीतला प्रवास हे सगळं कागदावर मागा.

आणि मुलगा अजून कच्चा वाटत असेल, तर? दार बंद होत नाही. मुलांना सैन्यात अधिकारी व्हायचं असेल, तर राज्य शासनाची सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था 1977 पासून औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला आहे. दहावीनंतर तिथे दोन वर्षं राहून खडकवासल्याच्या प्रबोधिनीची तयारी करता येते. तेराव्या वर्षी न झेपणारं घर सोडणं सोळाव्या वर्षी सहज झेपतं.

लक्ष्मीबाई कोण?

बोर्डिंग ही काही आपल्याकडे साहेबानेच आणलेली चैन नाही. शाहू महाराजांनी 1901 मध्ये कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढलं, पाठोपाठ एकेका समाजाची वसतिगृहं उभी राहिली. कर्मवीर भाऊराव पाटील स्वतः कोल्हापूरला बोर्डिंगात राहून शिकले. 1919 मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, आणि 1924 मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांसाठी एकत्र बोर्डिंग सुरू केलं. 1927 मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं.

त्या बोर्डिंगात मुलांच्या पोटाला घालत कोण होतं? भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई. माहेरचं सोवळं-ओवळं बाजूला ठेवून त्यांनी सगळ्या जातींची लेकरं आपली म्हटली. घरात दाणा नाही अशी वेळ आली, तेव्हा एकेक दागिना काढून दिला. शेवटी मंगळसूत्रही मोडलं. 1930 मध्ये त्या गेल्या. पण त्या मुलांना बोर्डिंगात आई मिळाली होती.

म्हणून मैत्रिणींनो, कुठल्याही शाळेत गेलात की मनात हा एकच प्रश्न धरा: इथे लक्ष्मीबाई कोण? रात्री दोन वाजता माझ्या मुलाला ताप भरला, तर तो कुणाला उठवेल? उत्तरात ‘आमची यंत्रणा आहे’ असं ऐकू आलं, तर समाधान मानू नका. माणूस दाखवा म्हणावं.

गेल्यावर काय पाहाल?

1. आगाऊ न कळवता, जेवणाच्या वेळी जा. मेसमध्ये बसून मुलांबरोबर दोन घास खा. पोळीपेक्षा मुलांचे चेहरे पाहा.

2. झोपायच्या खोल्या, संडास आणि न्हाणीघर पाहा. दारांना कड्या आहेत का? लहान आणि मोठी मुलं एकत्र झोपतात की वेगळी?

3. रेक्टर किती वर्षं आहेत ते विचारा. दर वर्षी नवा माणूस येत असेल, तर काहीतरी बिघडलेलं असतं. रात्री मुलांजवळ कोण झोपतं, नर्स राहायला असते का, हेही विचारा.

4. फोन केव्हा, किती वेळ, आणि मुलाला एकट्याने बोलता येतं का? भेटायला बंदी किती दिवसांची?

5. मारझोडीबद्दल स्पष्ट विचारा, संकोच नको. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी आहे. राज्याचा 1999 चा रॅगिंगविरोधी कायदा वसतिगृहांनाही लागू होतो. लैंगिक अत्याचाराविरुद्ध 2012 चा पॉक्सो कायदा मुलग्यांनाही संरक्षण देतो. 1098 हा मुलांच्या मदतीचा फोन क्रमांक मुलाला पाठ करून द्या.

6. तिथल्या दोन-तीन मुलांशी आणि त्यांच्या आयांशी बोला. माहितीपुस्तक सगळ्याच शाळांचं गुळगुळीत असतं.

जाण्याआधीची शिदोरी

प्रवेश झाला की आपण नावं घातलेले कपडे, बादली, ट्रंक ह्यांच्या मागे लागतो. त्याआधी दोन महिने मुलाला अंथरूण घडी घालायला, आतले कपडे धुवायला, बटण लावायला, खर्चाचे पैसे पुरवायला शिकवा. नकोशा स्पर्शाबद्दल त्याच्याशी मोकळेपणी बोला. मुलगा आहे म्हणून हे टाळू नका. आणि एक शब्द द्या: “नाहीच जमलं, तर परत ये. घरात कुणी नाक मुरडणार नाही.” परतीची वाट उघडी आहे हे ठाऊक असलेलं मूलच बहुधा तिथे टिकतं. शब्द दिलात, तर तो पाळा. नातेवाईक काय म्हणतील ते म्हणोत.

आता धाकट्याचं सांगते. ह्या वेळी जायचा हट्ट त्याचा आहे आणि भीती माझी. गेल्या महिन्यात आम्ही चौघं एक वसतिगृह पाहायला गेलो. ऑफिसात ह्यांना बसवलं आणि मी सरळ स्वयंपाकघरात शिरले. भाकरी थापणाऱ्या मावशींना म्हटलं, “रात्री पोरगं आजारी पडलं तर?” हात न थांबवता त्या म्हणाल्या, “परवाच एकाला ताप होता. फलटणचा आहे. त्याला पेज लागते, भात जात नाही. रेक्टरसाहेबांच्या बाई रात्रभर उशाशी होत्या.” पोराचं गाव आणि त्याला काय जातं-काय जात नाही, हे मावशींना ठाऊक होतं. मला आणखी काही विचारायचं राहिलं नाही.

परवा रात्री जेवताना मोठ्याने धाकट्याला एक युक्ती सांगितली. “तिथे फोनवर शेजारी कुणी उभं असलं की खरं बोलता येत नाही. काही बिनसलं, तर फक्त म्हणायचं, आई, शेंगाची चटणी संपली. बाबा दुसऱ्या दिवशी तिथे हजर.”

सगळे हसले. मी भाकरी वाढायच्या निमित्ताने आत गेले. सात वर्षांपूर्वी त्याच्याजवळ असं एखादं वाक्य असतं तर!

जूनमध्ये धाकटा जाईल. चटणीचा डबा मी गच्च भरून देणार आहे. आणि हो, ‘टाकते’ हा शब्द आमच्या घरातून आता हद्दपार झाला आहे.