पाठकोऱ्या कागदावरचं मेनफ्रेम

दिल्लीत माळ्याला टांड म्हणतात. द्वारकेतल्या आमच्या फ्लॅटच्या टांडवर ठाण्याहून आलेली पत्र्याची ट्रंक दहा-बारा वर्षं पडून होती. मे महिन्यात रंगकामासाठी ती खाली काढली, तर तळाशी पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा निघाला. एकाला एक जोडलेली लांबलचक पानं, दोन्ही कडांना भोकं, फिकट हिरवे पट्टे. मागच्या बाजूवर माझ्या शाळेतले लसावि-मसावि, पुढच्या बाजूवर छापलेला कोबोल भाषेतला प्रोग्राम, तारीख १९७६ची. माझे धाकटे काका तेव्हा मुंबईतल्या एका कारखान्याच्या हिशेब खात्यात होते. कामगारांच्या पगारपत्रकाचा हा प्रोग्राम त्यांनीच लिहिलेला. कंपनीचं स्वतःचं यंत्र नव्हतं. दुसऱ्याच्या यंत्रावर वेळ भाड्याने घ्यायची आणि भोकं पाडलेल्या कार्डांचे ट्रे टॅक्सीत घालून न्यायचे, असा तो जमाना. चुकलेल्या रनचे कागद घरी यायचे, म्हणून आम्हा भावंडांना कच्च्या वह्या कधी विकत आणाव्या लागल्या नाहीत.

ज्या आयबीएम यंत्रासाठी हा प्रोग्राम लिहिला होता, ते आता भंगारातही मिळायचं नाही. तरीही तो मी चालवला. जेवणाच्या टेबलावर, राझबेरी पाय नावाच्या पत्त्यांच्या कॅटाएवढ्या बोर्डावर. बाहेर पंचेचाळीस अंश तापमान होतं, वर दर थोड्या वेळाने पालमकडे उतरणारं विमान. एके काळी या जातीच्या यंत्राला उंचावलेली खोटी जमीन आणि वातानुकूलित दालन लागायचं. माणसांच्या आधी यंत्राला एसी मिळायचा. माझ्या टेबलावर तेवढा एक पंखा होता, तोही माझ्यासाठी.

ही किमया ज्याची, त्याचं नाव हर्क्युलीस. रॉजर बोलर या प्रोग्रामरने १९९९च्या सुमारास ते लिहायला घेतलं. पुढे जगभरच्या हौशी आणि कसलेल्या लोकांनी त्यात भर घातली. साध्या संगणकावर चालणारा हा प्रोग्राम आयबीएमच्या मेनफ्रेमचं, म्हणजे दालनभर पसरणाऱ्या त्या मोठ्या संगणकाचं, सोंग घेतो. आपल्याकडे बहुरूपी पोलिसाच्या वेशात दारात येतो आणि घरातल्या पोरांची क्षणभर घाबरगुंडी उडते, तसंच हे. हर्क्युलीसच्या आत चालणाऱ्या जुन्या कार्यप्रणालीला आपण एका स्वस्त बोर्डावर बसलो आहोत, याचा पत्ताच लागत नाही. अशा बहुरूप्याला संगणकाच्या भाषेत इम्युलेटर म्हणतात.

सोंग वठवायचं तर मूळ माणूस नीट पाहिलेला हवा. हर्क्युलीसला ते कसं जमलं, हे कळायला १९६४च्या ७ एप्रिलला जावं लागतं. त्या दिवशी आयबीएमने सिस्टीम ३६० ही मालिका जाहीर केली. तोवर कंपनीचं नवं यंत्र घेतलं की जुने प्रोग्राम बहुधा पुन्हा लिहावे लागत. जीन आम्डाल, गेरिट ब्लाऊ आणि फ्रेड ब्रूक्स यांनी एक साधी पण दूरगामी फारकत केली. प्रोग्रामरला यंत्र कसं दिसेल, हे एकदाच ठरवायचं. आतलं वायरिंग प्रत्येक मॉडेलमध्ये वेगळं असलं तरी चालेल. त्या दिसण्याला त्यांनी आर्किटेक्चर हा शब्द वापरला आणि त्याची नियमावली 'प्रिन्सिपल्स ऑफ ऑपरेशन' या पुस्तकात छापली. कोणत्या सूचनेने नेमकं काय होईल आणि चूक झाली तर कोणती घंटा वाजेल, हे त्यात कलमवार लिहिलेलं आहे. यंत्र आणि प्रोग्रामर यांच्यातला तो करारनामाच. लोखंड भंगारात गेलं, पण करारनामा राहिला. हर्क्युलीस त्या करारनाम्याचं शब्दशः पालन करतं.

गंमत म्हणजे बहुरूप्याचा जन्मही आयबीएमच्याच घरातला. १९६३च्या डिसेंबरात हनीवेल कंपनीने आपलं २०० हे यंत्र आणलं आणि आयबीएमच्या लोकप्रिय १४०१ यंत्राचे प्रोग्राम त्यावर आणण्यासाठी 'लिबरेटर' नावाची सोय दिली. गिऱ्हाईक हातचं जाणार हे दिसताच आयबीएमने ३६०च्या लहान मॉडेलच्या सूक्ष्म-आज्ञांमध्येच १४०१चं सोंग भरलं. इम्युलेटर हा शब्दही आयबीएमच्याच लॅरी मॉस या अभियंत्याने रूढ केला. म्हणजे नव्या यंत्राने जुन्याची नक्कल करणं ही आजची हौस नव्हे. धंदा टिकवायची ती साठ वर्षांपूर्वीची युक्ती आहे.

आपल्याकडे या यंत्रांचा संसार बराचसा मुंबईत फुलला. १४०१ हे यंत्र साठच्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या कचेऱ्यांत आलं. परदेशात वापरून झालेली यंत्रं आणायची, दुरुस्त करायची आणि भाड्याने द्यायची, अशी आयबीएमची इथली रीत होती. पुढे परकीय चलनाच्या कायद्याने कंपनीतला परदेशी भांडवलाचा वाटा चाळीस टक्क्यांवर आणायला सांगितला. आयबीएमने ते नाकारलं आणि १९७८मध्ये गाशा गुंडाळला. तेव्हा उद्योगमंत्री होते जॉर्ज फर्नांडिस, मुंबईच्या कामगार चळवळीतून दिल्लीत पोहोचलेले. यंत्रं मागे राहिली आणि त्यांची देखभाल कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन, म्हणजे सीएमसी, या सरकारी कंपनीने उचलली. ती १९७५मध्येच स्थापन झाली होती. हीच सीएमसी पुढे दिल्लीकरांच्या ओळखीची झाली ती रेल्वे आरक्षणामुळे. १९८५मध्ये नवी दिल्लीत तिची 'इम्प्रेस' ही प्रणाली डिजिटल कंपनीच्या व्हॅक्स यंत्रांवर सुरू झाली. वहीतून नाव शोधणारा बाबू जाऊन खिडकीवर पडदा आला. व्हॅक्सही आता बनत नाहीत, पण त्यांचीही सोंगं घेणारे आहेत. बॉब सुपनिक यांचं सिमएच फुकट मिळतं आणि चॅरॉन हे धंदेवाईक सोंग विकत. कारखान्यांत आणि प्रयोगशाळांत असे बहुरूपी मुकाट कामाला लागलेले असतात. वरून संगणक नवा कोरा, आतला प्रोग्राम मात्र आजोबांच्या वयाचा.

आता माझ्या टेबलाकडे येतो. हर्क्युलीसवर मी एमव्हीएस ३.८जे ही आयबीएमची जुनी कार्यप्रणाली चढवली. हौशी मंडळींनी ती जमवून, दुरुस्त करून, तयार पुडक्यात बांधून ठेवली आहे. चालू करताच ती प्रणाली ऑपरेटरला विचारते, बाबा रे, पॅरामीटर सांग. कोणाला विचारते आहे, हे तिला ठाऊक नसतं. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं येतात. आत शिरायचा तयार पासवर्डही मिश्कील आहे, 'सी यू लेटर'चं आखूड रूप. कार्ड वाचणारं यंत्र आता नेटवर्कवरचं एक दार झालं आहे आणि त्या दाराचा क्रमांक ३५०५, कारण त्या कार्डवाचकाच्या मॉडेलचा क्रमांकच ३५०५ होता. शंभर एमबीची डिस्क ज्या कपाटभर यंत्रात मावायची, ती आता एक फाइल आहे. मिनिटाला हजारभर ओळी बडवणारा १४०३ प्रिंटरही फाइलच झाला. तेवढा त्याचा खडखडाट मात्र सोंगात आला नाही.

काकांचा प्रोग्राम टंकायला चार रात्री लागल्या. कोबोलमध्ये पहिले सहा रकाने क्रमांकाचे, सातवा खुणेचा, आठव्यापासून मजकूर आणि बहात्तराव्यानंतर लिहिलेलं कंपायलर बघतच नाही. कार्ड ऐंशी रकान्यांचं होतं, त्याची ही शिस्त. मी एक ओळ रकानाभर सरकवली, तर पुढच्या ओळींवर चुकांचा पाऊस. पन्नास वर्षांत कंपायलरचा स्वभाव तसूभर नरमलेला नाही.

मग मुद्दाम एक खोडी काढली. भविष्य निर्वाह निधीच्या आकड्याच्या जागी निव्वळ रिकाम्या जागा भरल्या आणि रन दिला. हा आकडा पॅक्ड दशमान पद्धतीत असतो. एका बाइटात दोन अंक बसतात आणि शेवटच्या अर्ध्या बाइटात चिन्ह. सी म्हणजे अधिक, डी म्हणजे उणे. आयबीएमच्या लिपीत रिकामी जागा म्हणजे ४०. त्यातलं शेवटचं शून्य चिन्हाच्या जागी आलं. शून्य हे चिन्ह नव्हे. बेरजेची सूचना तिथेच थबकली आणि पडद्यावर आलं, एस०सी७. मेनफ्रेमवाले त्याला 'सॉक सेव्हन' म्हणतात.

या दोन शब्दांनी पोटात गोळा आला. मी मुंबईतल्या सीप्झमध्ये मेनफ्रेमवर उमेदवारी करत असताना रात्री दोनला येणाऱ्या फोनचा हाच मजकूर असायचा. राझबेरी पायच्या चिपला असली दशमान बेरीज जन्मतः येत नाही. हर्क्युलीस ती सी भाषेतल्या छोट्या कारभारातून अंकागणिक करतं, चिन्ह तपासतं आणि चूक आढळली की खऱ्या यंत्राने दिली असती तीच घंटा वाजवतं. बहुरूप्याचा कस इथे लागतो. बरोबर उत्तर कोणीही देईल. मूळ यंत्र जिथे अडखळायचं, नेमकं तिथेच अडखळणं म्हणजे खरं सोंग. चोवीस बिटांच्या पत्त्याची सोळा एमबीची मर्यादा, इंग्रजी अक्षरं आकड्यांच्या आधी लावणारा वर्गीकरणाचा क्रम, या साऱ्या खोडी त्यात जपल्या आहेत. अक्षरांचा क्रम बदलला असता तर मस्टरवरचे टोकन क्रमांकच उलटसुलट झाले असते.

हे सोंग कितपत वापरायचं, याला कायद्याचं कुंपण आहे. एमव्हीएस ३.८जे त्या काळातली आहे, जेव्हा आयबीएम कार्यप्रणाली यंत्राबरोबर देऊन टाकायची. म्हणून ती हौशींच्या हाती आहे. आजची झेड/ओएस मात्र आयबीएम हर्क्युलीसवर चालवायचा परवाना देत नाही. बोलर यांच्या टर्बोहर्क्युलीस कंपनीने हे प्रकरण युरोपीय आयोगाकडे नेलं. २०१०मध्ये आयबीएमने त्यांना १०६ पेटंटं आणि ६७ पेटंट-अर्जांची यादी धाडली. आयोगाने चौकशी उघडली, तक्रारी मागे घेतल्या गेल्या आणि २०११मध्ये प्रकरण मिटलं. शिकाऊ मुलांचं त्यात नुकसान झालं, असं माझं मत. खरं मेनफ्रेम विकत घेणं त्यांच्या आवाक्यातलं नाही आणि आजची प्रणाली हर्क्युलीसवर चालवायची मुभा नाही. पण बँकांचे, विम्याचे, पगारांचे जुने प्रोग्राम सांभाळायला माणसं तर हवीतच. द्वारकेतच सेक्टर ३मध्ये नेताजी सुभाष तंत्रज्ञान विद्यापीठ आहे. तिथल्या एखाद्या मुलाला निदान पन्नास वर्षांपूर्वीचं मेनफ्रेम फुकटात आतून बघता येतं, हेही कमी नाही.

शेवटी प्रोग्राम चालला. खोटी हजेरी, खोटे कामगार, पण पगारपत्रक अगदी खरं. मूळ पगार, महागाई भत्ता, कपाती, निव्वळ रक्कम. फक्त एक ओळ कळेना. ठरावीक टोकन क्रमांकाखालच्या प्रत्येकाचे दोन रुपये कापले जात होते. शेजारी शेरा नाही, नावातून अर्थ लागत नाही. हर्क्युलीसने ते दोन रुपये इमानदारीने कापले. का, ते त्याला विचारून उपयोग नव्हता.

काका ठाण्यात असतात, ऐंशी ओलांडलेले. फोन लावला.

"काका, तुमच्या पगाराच्या प्रोग्रामात दोन रुपये कसले कापायचात?"

पलीकडे थोडी शांतता. मग हसू.

"अरे, ती कॅन्टीनची वर्गणी! जुन्या कामगारांशी युनियनचा तसा करार झाला होता. साहेबांनी संध्याकाळी सांगितलं, सकाळी पगार. रात्रीतून घातली ती ओळ. शेरा लिहायला वेळ कुणाला होता?"

यंत्राचा करारनामा पुस्तकात छापलेला होता, म्हणून त्याच्या पश्चातही त्याचं सोंग घेता आलं. कॅन्टीनचा करार मात्र फक्त काकांच्या डोक्यात होता. फोन वर्षभर लांबला असता, तर तो कदाचित कायमचा गेला असता.

तेव्हा तुमच्या माळ्यावर भोकं पाडलेल्या कागदांचा, कार्डांचा किंवा जुन्या मॅन्युअलचा गठ्ठा असेल, तर तो रद्दीवाल्याला देऊ नका. आणि तो लिहिणारं माणूस अजून फोनवर सापडत असेल, तर आधी त्याला फोन करा आणि ते सांगेल ते त्याच कागदाच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहून ठेवा.